क्विलबुवांचे केस आणि कोरडी घळ

ओढ्यावरची कामं टाकून सोनं शोधणाऱ्यांची सगळी वस्ती घळीच्या तोंडाशी जमली होती. मधोमध ओबादाया क्विल गुडघे टेकून बसलेला. पुढ्यात पत्र्याची परात आणि तिच्यात घळीतली कोरडी माती. क्विलबुवांनी हॅट काढली, ओंजळभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं, लांब केसांतून बोटं फिरवली आणि परातीवर वाकून मोठ्यानं रडायला सुरुवात केली. “हे प्रभू, या पाप्यांना नको, यांच्या श्रद्धेला दे!” मग ज्यानं ती माती खणली होती, त्यानंच ती परातीत पाण्यानं धुतली. तळाशी सोन्याचे कण चमकले आणि राकट दाढीवाले बाप्ये हमसून रडू लागले.

लव्हिनिया थॉर्पला शिसारी आली. तंबूतल्या शाळेत ती या लोकांच्या पोरांना शिकवायची. किराणा घेताना दुकानदाराचा तराजू तीनतीनदा तपासणारी ही माणसं, इथं मात्र डोळे मिटून उभी होती.

बुवा फुकट रडत नव्हते. घळ त्यांच्या मालकीची होती. ‘श्रद्धावंता’ला त्यातला तुकडा मिळायचा, बदल्यात त्यानं ओढ्यावरची आपली सोनं देणारी जागा बुवांना लिहून द्यायची. म्हाताऱ्या जेथ्रो टॉलिव्हरनं ती देऊनही टाकली होती. दुसऱ्या दिवशी लव्हिनियाचा धाकटा भाऊ आसा तशाच कागदावर सही करणार होता. ओढ्यावरच्या त्या जागेतून भावाबहिणीचं जेमतेम पोट भरायचं, दुसरा आधार नव्हता. तिनं समजावलं, भांडली, पण तो ऐकेना.

“ताई, माती मी खणली, मीच धुतली. यात लबाडी शिरणार कुठून?”



संध्याकाळी आसाला जेवायला बोलवायला ती पर्डीच्या गुत्त्यावर गेली. तिथं दारूची किंमत म्हणजे गिऱ्हाइकाच्या थैलीतली चिमूटभर सोन्याची पूड. पर्डी चिमूट घ्यायचा आणि तीच बोटं आपल्या तेलकट केसांवरून फिरवायचा. घरी जाऊन तो डोकं धुतो आणि पाण्यातून सोनं गाळतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. “पर्डी, आज डोकं जड झालं असेल रे,” अशी चेष्टाही चालायची. लव्हिनिया दारातच थबकली. पर्डीला हसणाऱ्या या लोकांना बुवाचे केस दिसत कसे नव्हते?

सकाळी घळीपाशी आसानं सहीला हात उचलला, तेव्हा ती पुढे झाली.

“बुवा, प्रार्थना तुमचीच. फक्त पाणी माझ्या डोक्यावर ओतू द्या.”

बुवा बाईच्या पापाबद्दल बरंच बोलले. पण लोकांना गंमत वाटली, मग त्यांचा नाइलाज झाला. ते रडले, लव्हिनियाचे केस परातीत निथळले, आसानं माती धुतली. हाती नुसती वाळू आली.

“आता परात रिकामी ठेवा,” ती म्हणाली. “माती अजिबात नको. आणि यांचं डोकं धुवा.”

बुवा पळू लागले. दोघांनी त्यांना धरून वाकवलं आणि पर्डीनं स्वतः साबण लावून खसाखसा चोळलं. केसांना चोपडलेली चरबी सुटली, आणि रिकाम्या परातीत सोनं उतरलं. कुणी हसलं नाही.

“आता तरी बघा,” लव्हिनिया म्हणाली. “देव मानायचा तर माना. पण देवाच्या नावानं कुणी तुमची भाकरी मागितली, तर आधी त्याचे हात, बाह्या, केस तपासा. तपासू दिलं नाही तर तिथून निघा.”

बुवांना वस्तीबाहेर हाकललं, ज्याच्या त्याच्या जागा परत मिळाल्या. फक्त टॉलिव्हर घळीतून वर येईना. त्याला बोलवायला भावंडं खाली उतरली, तर तो गुडघाभर खड्ड्यात उभा राहून खणत होता.

“काका, इथं काही नाही. चला, तुमची जागा तुम्हाला परत मिळालीय.”

“बुवा खोटा असेल, पोरी. घळ खोटी नाही,” तो वर न बघता म्हणाला. “माझीच प्रार्थना कमी पडतेय.”

लव्हिनियाला बुवांच्या तेलकट डोक्याची आली नव्हती एवढी किळस त्या वाक्याची आली. आसा खड्ड्याच्या काठावरून शेजारच्या तुकड्याकडे बघत होता. तो बुवांनी त्याच्यासाठी आखून ठेवलेला होता.