कोणत्या वावरातला

चंदनने भिंग डोळ्याशी नेले की दुकान नाहीसे होत असे. वर्ध्याच्या सराफा ओळीतला गोंगाट आणि शेजारी बसलेल्या दुकानमालक नानाजींचे खोकणे भिंगाच्या कडेपाशीच थबकून राही. आत उरे तो केवळ उजेड. वरच्या पैलूंतून शिरणारा, तळाशी वळणारा आणि पुन्हा वर येऊन सांडणारा. घडण नेमकी असेल तर तो वाट चुकत नाही; तळ उथळ राहिला तर खालूनच गळून जातो आणि हिरा मेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. हे सारे त्याला सुरतच्या हिरे घडवण्याच्या कारखान्यातल्या चार वर्षांनी शिकवले होते. पण भिंग पहिल्यांदा त्याच्या हाती दिले ते नानाजींनी.

नानाजींना मोतीबिंदूने गाठले तेव्हा त्यांनीच त्याला परत बोलावून घेतले. "माह्या डोळ्याच्या जागी तू बस," असे ते म्हणाले, आणि तेवढ्या एका वाक्यासाठी तो सुरत सोडून आला. तेव्हापासून गिऱ्हाईक येई नानाजींकडे आणि कौल मागे चंदनकडे. हिऱ्याची घडण कशी, पाणी कसे, हे चंदन सांगे. हिरा कुठून आला, ते नानाजी. खाणीतला हिरा आणि यंत्रात वाढवलेला, कितीतरी स्वस्त हिरा नुसत्या भिंगाने वेगळा करता येत नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते. "हिरे देनारा आपला जुना व्यापारी हाय. त्याचा माल खाणीतलाच राह्यते," नानाजी म्हणाले, आणि त्याने मान डोलावली. बापाच्या जागी मानलेल्या माणसाकडे पुरावा कोण मागतो?

त्या दुपारी पवनारहून देवकाबाई आल्या. धाम नदीच्या काठी त्यांचे भाजीपाल्याचे वावर. गेल्याच महिन्यात त्यांनी नातीच्या, खुशीच्या साखरपुड्याची अंगठी चंदनच्या शब्दावर इथूनच नेली होती. आज त्यांना स्वतःच्या नाकासाठी एक खडा हवा होता.

"चांगला पाहून देजो रे बापू. लगन झाल्यापासून काचच घालून राह्यली मी."

"या वयात कोनाले दाखवता, देवकाबाई?" नानाजी हसले.

"यमाले! त्याले बी वाटलं पाह्यजे, थांबा जरासं."

चंदनला हसू आले. हसतच त्याने पुडीतला खडा चिमट्याने उचलला. "देखना हाय, काकू. उजेड कसा सारा वर येते, पाहा..." खडा त्याने आडवा फिरवला आणि तो बोलता बोलता थांबला.

हिऱ्याच्या कंबरेशी, मधल्या धारेवर, तिळाच्या टोकाएवढा एक जास्तीचा पैलू होता. एक टवका झाकण्यासाठी सुरतच्या फिरत्या चकतीवर तो त्यानेच पाडला होता. त्यापायी मुकादमाची बोलणीही खाल्ली होती. लेकराच्या हनुवटीवरची खूण आईने ओळखावी तसा तो त्याला ओळखू आला. आणि त्या कारखान्यात यंत्रात वाढवलेलेच हिरे येत, खाणीतला दगड कधी येतच नसे.

"काय झालं? कीड हाय का?" देवकाबाईंनी विचारले. "कोनत्या वावरातला हाय हा?"

नानाजी मोठ्याने हसले.

"हसू नका. वांगं वरून सारंच चमकते. वावर इचारल्याबिगर म्या कधी बी घेतलं नाई."

"आफ्रिकेतल्या खाणीतला हाय," नानाजी म्हणाले.

"नाई, नानाजी." चंदनचा आवाज अगदी खाली गेला होता. "हा सुरतचा हाय. यंत्रात वाढवलेला. याचे पैलू मीच पाडले. त्या व्यापाऱ्यानं फसवलं तुमाले."

तो नानाजींच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिथे धक्का दिसेल, संताप दिसेल, निदान एक प्रश्न तरी उमटेल, याची त्याने वाट पाहिली. नानाजींनी शांतपणे पुडीची घडी घातली.

"तू घडणीचं बोल, चंदन. वावराचं मी पाहून घेतो."

"म्हंजे तुमाले ठाऊक होतं."

"असा काऊन पाहून राह्यला? काच देली का म्या कोनाले? हिराच हाय ना तो? तू देखना म्हनलास, अन् तो देखनाच हाय. एक तरी शब्द खोटा बोलाले लावला का तुले?"

नव्हता लावला. सहा महिने तो मनापासून, जपून, खरेच बोलत आला होता. आणि त्या खरेपणाच्या आडोशाला नानाजी निवांत बसून होते. डोळ्याच्या जागी बस, असे म्हणताना त्यांना त्याची नजर नको होती, फक्त त्याचा चेहरा हवा होता.

"अन् खुशीची अंगठी?" देवकाबाई नानाजींना नव्हे, त्याला विचारत होत्या.

"माहीत नाई, काकू. ते भिंगानं समजत नाई."

"तवा त म्हनला होतास, असा हिरा क्वचितच पाहाले भेटते."

"तो खरंच देखना होता."

"देखना!" त्यांनी पदर खोचला. "हे त बोलून-चालून सराफ. याईच्या बोलन्यावर म्या कधी गेलीच नाई. तुह्या बोलन्यावर आली होती."

त्या पायऱ्या उतरल्या. चंदन मागोमाग धावला. आतून नानाजींनी हाक मारली, ती त्याने ऐकली नाही.

"काकू, उद्या पवनारले येतो. अंगठी घेऊन नागपूरले जाऊ. तिथं मशीनवर तपासून देतात."

देवकाबाई ऑटोत बसल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिले. रागाने नव्हे, बाजारात नासका माल बाजूला सारताना पाहावे तसे.

"तपासाले त जाईनच," त्या म्हणाल्या. "पन बापू, संग न्याले आता मले दुसरा मानूस पाहा लागन."