सहासष्टास एक

लारांतुका या बेटावरच्या गावातल्या आमच्या शाळेत मी सातवीला गणित शिकवते. त्या दिवशी फळ्यावर १८ : १२ लिहिलं आणि अतिसंक्षिप्त रूप करायला एर्मेलिंडाला पुढे बोलावलं. पोरगी हुशार. तिनं सहानं भागायला घेतलं, तीन लिहिला, आणि दोन लिहायच्या आधीच खाली कोसळली.

"सकाळी काही खाल्लं नाहीस का गं?" तोंडावर पाणी मारून मी विचारलं, जरा रागानंच.

"मक्याचा भात खाल्ला होता, बाई."

तिची मैत्रीण सेलस्टिना म्हणाली, "ती पाणी पीत नाही, बाई. घरून निघाली की परत जाईपर्यंत घोटभरसुद्धा नाही. प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"कुठे? मधली सुट्टी रांगेतच संपते. आम्ही बऱ्याच जणी नाही पीत."

मला माझीच चीड आली. सात वर्षं मी त्या रांगेशेजारून रोज गेले होते, शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली बोटात फिरवत.

दुसऱ्या दिवशी पुस्तकातली संत्री-केळी बाजूला ठेवली. "शाळेत मुली किती, मोजून आणा. त्यांच्यासाठी चालू स्वच्छतागृहं किती, तेही."

एर्मेलिंडानं फळ्यावर मांडलं, १३२ : २. दोन्हीकडे दोननं भागलं, ६६ : १. मग शिक्षकांचं, १२ : ३. तीननं भागलं, ४ : १.

मुख्याध्यापक लाम्बेर्तुस सर दारात येऊन उभे होते. "हे काय चाललंय, यस्टिना बाई?"

"गुणोत्तर, सर."

"पुसा ते."

"चुकलंय का, सर?" एर्मेलिंडानं विचारलं. "कुठली पायरी?"

सरांनी स्वतःच फडकं उचललं. आकडे पुसून टाकले. "मुलांना भडकवताय तुम्ही. इतकी वर्षं चाललंय, कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करायला तोंड उघडावं लागतं, सर. या पोरी पाणी प्यायलासुद्धा उघडत नाहीत."

ते निघून गेले. मी तडक शिक्षकांच्या खोलीत गेले, खिळ्यावरच्या स्वच्छतागृहांच्या तीन किल्ल्यांपैकी दोन काढल्या आणि वर्गात येऊन एर्मेलिंडाच्या हातात ठेवल्या.

संध्याकाळी सरांनी ताकीदपत्र पुढे सरकवलं. 'शिक्षकांच्या सोयीत अडथळा आणला.'

"कारणात आकडे लिहा, मग सही करते," मी म्हटलं. "वर जाऊ दे कागद. तिथेही कुणाला तरी भागाकार येत असेल."

सरांनी कागद खणात टाकला, तो तिथेच राहिला. किल्ल्याही कुणी परत मागितल्या नाहीत.

आता मुलींचं १३२ : ४ झालंय, म्हणजे तेहतिसास एक. रांग निम्मी झाली, संपलेली नाही. माझा रागही संपलेला नाही.

परवा इतिहासाचे कॉस्मास सर आमच्या उरलेल्या एका दाराबाहेर ताटकळत होते. "बारा जणांत एक? हा अन्याय आहे, बाई."

"तुम्ही गणिताचे नाही, म्हणून सांगते," मी म्हटलं. "बारा तेहतिसापेक्षा कमी असतात."