सावलीकडची बाजू

राजेश्रीने खडूने शेवटची चौकट ओढली, तिच्यात 'ध' काढला आणि गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. सकाळपासून पोरांची वजनं झाली, खिचडी झाली, मोबाइलवर फोटो चढवून झाले, त्यातले निम्मे चढलेच नाहीत. आता अंगणवाडीसमोरच्या फरशीवर अक्षरांचा खेळ. ठिकरी पडेल त्या चौकटीत लंगडी घालत जायचं आणि अक्षर ओरडायचं. अक्षर चुको की बरोबर येवो, ओरडण्यात पोरांनी कधी हात आखडता घेतला नव्हता.

राणी तेवढी खेळत नव्हती. चौकटींच्या पलीकडच्या टोकाला कडुनिंबाची सावली होती, तिथे ती धाकट्या पप्पूला मांडीवर घेऊन बसली होती. उन्हात तो रडायचा, म्हणून वर्षभर तिची जागा तीच. त्याला कडेवर घेऊन घेऊन पोरीची कंबर एका बाजूला कलली होती.

कालच तिची आई सविता येऊन गेली होती. टोळी ऊसतोडीला निघायची होती.

"ताई, खरं सांगा. राणीला कायी येतंय का? येत असंल तर ठेवते आजीपाशी, साळंत जाईल. न्हाईतर नेते संगट. पप्पूला धरायला कुणी तर लागतंच."

राणी तिथेच उभी होती. राजेश्रीने अक्षरांची कार्डं एकेक करून तिच्यासमोर धरली. पोरीने तोंड उघडलं नाही.

"अजून न्हाई बसलं डोक्यात," राजेश्री म्हणाली होती. पोर मठ्ठ आहे, हे तिने मनातच ठेवलं.

आज मात्र तिला उभं राहवेना. ती सावलीत राणीशेजारी जाऊन बसली. रंगनाथने लंगडी घालत चौकट गाठली आणि ओरडला, "घ!"

"ध," शेजारून हळूच आवाज आला. राणी पप्पूच्या कानात सांगत होती.

राजेश्रीने 'ध'चं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. राणी नुसती बघत राहिली. मग मोकळा हात पुढे करून तिने ते कार्ड घेतलं, वरची कड खाली करत उलटं फिरवलं आणि म्हणाली, "ध."

म, ळ, झ, सगळी आली. सरळ धरलं की गप्प, उलटं धरलं की चटकन. बाकीची पोरं अलीकडून उड्या मारत होती आणि ही पलीकडे बसून तीच अक्षरं डोक्यावर उभी पाहत होती. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, राजेश्रीला कळेना. मग कालचं आपलं बोलणं आठवलं आणि तिला स्वतःचाच राग आला. मदतनीस केशरबाईला पोरांकडे बघायला सांगून ती कार्डं उचलून राणीला आणि पप्पूला घेऊन त्यांच्या घरी निघाली.

सविता भांड्यांचं गाठोडं बांधत होती.

"सविता, माझं चुकलं. हिला सगळं येतंय."

"काल तर न्हाई म्हणलाव. एका रातीत आलं का?"

"उलट्या बाजूनं शिकली ती. मी कधी तिकडून बघितलंच न्हाई."

सविताने दोरी सैल सोडली. "दाखीव बरं, राणे."

राजेश्रीने कार्ड उलटं धरलं. राणीने कार्डाकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे, मग आईकडे. पप्पूला तिने कडेवर वर ओढून घेतलं.

"येत न्हाई."

राजेश्रीने दुसरं धरलं.

"मला कायीच येत न्हाई."

"बघा," सविता म्हणाली आणि पुन्हा दोरी आवळू लागली. "उगं कशाला जिवाला लावून घेता, ताई."

इथेच सोडून देता आलं असतं. पाय दुखत होते, आणि काल जे सांगितलं तेच खरं ठरत होतं. पण राणी तिच्याकडे टक लावून बघत होती. एरवी ही पोर नजर वर करत नसे. काही बोलू नका, एवढंच ती मागत होती, हे राजेश्रीला कळलं.

"येतंय तिला," राजेश्री म्हणाली. "खोटं बोलायलीय."

सविताचे हात थांबले. तिने लेकीकडे पाहिलं. मग उठली आणि पप्पूला घ्यायला तिने हात पुढे केले. पप्पू आईकडे झेपावला.

राणीने त्याचं झबलं सोडलं नाही.