नारळावर दिलेला शब्द

माझी बायको दुर्गाबाई नगरपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहते म्हणाली, तेव्हा मी जेवत होतो.

"कायले?" मी म्हटलं. "हारली तं लोक हासतीन, जिकली तं दारात लाइन लागन. दोन्हीकडून मरण माहंच."

"नळासाठी," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

गावाचं नाव सांगत नाही. वाशीम जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्याचंही काही नाही, पण कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. बायका लग्नाला गेल्या की हमखास येतो. दुर्गाबाईचं मागणं एवढंच, की दिवस आणि वेळ ठरवा अन् फळ्यावर लिहा. त्यासाठी तिने सात अर्ज दिले. सातही अर्ज नगरपंचायतीच्या साहेबांनी हसून घेतले. आठवा अर्ज तिने उमेदवारीचा भरला.

आता माझी भानगड ऐका. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक पंजाबराव. दोनदा निवडून आलेले. दिवाळीतच त्यांनी गल्लीतले पुरुष मारुतीच्या पारावर जमवले आणि एकेकाला नारळावर हात ठेवायला लावला. मीही ठेवला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "माहं मत पंजाबरावच्या घरात!" पुढे सोडतीत वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. पंजाबरावांनी लगेच तुळसाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, उभं केलं. मला वाटलं, सुटलो.

"सुटले कसे?" पंजाबराव म्हणाले. "शब्द घराले देल्ला तुमी, मले नाई."

मी मंगरूळपीरला तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. सख्ख्या साळ्यालाही फुकट नेलं नाही. असल्या माणसाने शब्द मोडायचा कसा? दुर्गाबाईला मात्र यातलं अवाक्षर सांगितलं नाही. भित्रा म्हणा, चालेल.

प्रचारात मी तिच्या मागे पत्रकांची पिशवी घेऊन हिंडलो. ती दारोदारी जाऊन एकच सांगायची, "बाई, नळाचा दिवस ठरवू." पलीकडे पंजाबराव भाषण करायचे आणि तुळसाबाई शेजारी हात जोडून उभ्या. बॅनरवर पंजाबराव दाराएवढे, तुळसाबाई आधार कार्डाएवढ्या.

मतदानाच्या दिवशी मी यंत्रासमोर उभा राहिलो. दुर्गाबाईच्या नावावरून बोट फिरवलं आणि तुळसाबाईंचं बटण दाबलं. बाहेर दुर्गाबाई उभीच होती.

"झालं?" तिने हसून विचारलं.

"झालं," मी म्हटलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

निकाल लागला. दुर्गाबाई तीनशे बारा, तुळसाबाई तीनशे अकरा! गल्लीतल्या बायकांनी दुर्गाबाईला गुलालात बुडवून काढलं. मी असा नाचलो, की चप्पल कुठे गेली ते कळलं नाही. एका मताने वाचलो होतो. माझ्यासारखा आणखी एक नमुना गल्लीत निघाला असता, तर बाईचं काही खरं नव्हतं.

संध्याकाळी रीत म्हणून पंजाबराव आणि तुळसाबाई अभिनंदनाला आले. दुर्गाबाई चहा घेऊन आली आणि नेमके तेव्हाच पंजाबराव बोलले, "दौलतराव, साऱ्या गल्लीनं धोका देल्ला. तुमी तरी शब्द पाळला ना?"

खोटं बोलता आलं असतं. जीभच वळली नाही.

"पाळला," मी म्हटलं.

कपबशा खडखडल्या. "म्हंजे?" दुर्गाबाई म्हणाली. "माह्याच घरचं मत तिकडं? पिशवी धरून हिंडत होते ना वो तुमी!"

"नारळावर हात ठेवला होता," मी खाली मान घालून म्हटलं. लाज वाटत होती, खरंच सांगतो.

तेवढ्यात तुळसाबाई बोलल्या. अख्ख्या निवडणुकीत त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता.

"माहं मत दुर्गाबाईले."

"काय?" पंजाबराव ओरडले.

"मंग? फारम तुमी भरला, भाषण तुमी केलं. मले उभं राहाचं का, हे कोनं इचारलं? मशीनसमोर गेली तं तुमी संग नवते. पाणी घरी मीच भरतो ना?"

पंजाबराव बोटांवर हिशोब करू लागले. त्यांची बायको स्वतःलाच मत देती, तर आकडे उलटे झाले असते. हे ध्यानात आलं आणि ते मटकन बाजेवर बसले. आता भडकतात, असं वाटलं. त्यांनी तुळसाबाईंकडे टक लावून पाहिलं आणि ते एकदम इतके हसले, की चहा सदऱ्यावर सांडला.

"दौलतराव, मले घरच्याच बाईनं पाडलं!"

दुर्गाबाईलाही हसू आवरेना. तिने मला एक धपका घातला, चांगलाच लागला, आणि तुळसाबाईंना हाताला धरून आत नेलं. आम्ही दोघे बाहेर बशीने चहा पीत बसलो. छातीवरचं ओझं उतरलं होतं. इतकं बरं मला रिटायर झालो तेव्हाही वाटलं नव्हतं.

आतून दुर्गाबाईचा आवाज आला, "तुळसाबाई, नळ मंगळवारी सकाळी सातले मागू म्हंतो. जमते का तुमाले?"

"सात नोको वो," तुळसाबाई म्हणाल्या. "सातले पोराईचे डबे रायतात. आठ करा."

आठ ठरले.