कॅसेटवरचे ड्रम

नळदुर्गच्या चर्चमधल्या पोरांनी येशूची गाणी रॉकच्या चालीवर बसवली, ती भर दुष्काळात. याकोब दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायचा आणि संध्याकाळी ड्रम वाजवायचा. गायचा त्याचा थोरला भाऊ, दानिएल.

मुंबईत 'जिवंत पाणी' ही त्यांची कॅसेट रेकॉर्ड झाली. पण रेकॉर्डिंगच्या पहिल्याच दिवशी कॅसेट कंपनीच्या साहेबाला याकोबचा हात कच्चा वाटला आणि त्यानं दुसरा ड्रमर बोलावला. दानिएल खाली मान घालून गात राहिला.

कॅसेट तुफान चालली. धाब्यावर थांबलेल्या ट्रकमधूनही तीच ऐकू यायची. सोलापुरात मैदानावर मोठा कार्यक्रम ठरला. याकोबनं घरी मात्र खरं सांगितलंच नव्हतं. वडील, शामुवेल आबा, टेपला कान लावून शेजाऱ्यांना सांगायचे, "गातोय थोरला, पण गाणं उचलतोय धाकटा. ऐका!"

कार्यक्रमाच्या दिवशी आबा नवा सदरा घालून तयार झाले. "चल याकोबा, उशीर नगं."

"तुमी जावा, आबा. मी न्हाय येत."

"अरं, मग वाजवणार कोण?"

"कॅसेटवर ज्यानं वाजवलंय, त्योच."

आबा खाटेवर बसले. "दानिएलला ठाऊक हाय?"

"त्यो तिथंच व्हता."

दारात दानिएलनं पाठवलेली जीप हॉर्न वाजवत होती. आबांनी सदरा काढून खाटेवर टाकला. याकोबनंच तो त्यांना पुन्हा घातला, बटणं लावली.

"जावा, आबा. त्यो बी तुमचाच हाय."

जीप दिसेनाशी झाली, तसा तो उंबऱ्यावर बसला आणि हमसून हमसून रडला.