गिळलेला ठोका

ठिगळे हे त्यांचं आडनाव नव्हे, कमाई होती. कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचे त्या काळचं, गाणी रचायचं एक सॉफ्टवेअर होतं. बनवणारी कंपनी कधीच वर गेली. मूळ कोड कुठे गेला ते तिच्या भुतालाही ठाऊक नव्हतं. तेव्हापासून त्या बेवारस लेकराचं न्हाऊमाखू हे गृहस्थ करत होते. यंत्राला कळणारे आकडे एकेक करून वाचायचे आणि फाटलं तिथे ठिगळ लावायचं. ठिगळं इतकी झाली, की मूळ कापड शोधायला दिवसा कंदील लागावा. एकदा त्यांना शिंक आली, तर म्हणे मशीनने घाबरून आपणहून फाइल सेव्ह केली. बायकोला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "शिंक खरी आहे."

पण ठिगळ्यांची साठी उलटली, आकडे डोळ्यांपुढे नाचू लागले आणि एकच घोर लागला: आपल्यामागे हे कोण बघणार? डोकं घरातच होतं. मुलगी हेच शिकलेली. फक्त तिचं तोंड दुसरीकडे होतं.

तिचं म्हणणं, फाटक्याला शिवायचं तरी किती? त्यापेक्षा नवं विणावं. दूरदूरची चार टाळकी जमवून तिने तेच काम करणारं नवं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं होतं. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही बघा, कुणीही सुधारा. अट एकच. ज्याने जुन्याच्या पोटात डोकावलं, त्याने नव्याला हात लावायचा नाही आणि आतलं काही सांगायचंही नाही. नाहीतर उद्या कुणी वारस उपटायचा आणि चोरीचा आळ यायचा. बाहेरून ऐका आणि आपल्या अकलेने लिहा.

अख्ख्या जगाला उघडं असलेलं दार एकट्या ठिगळ्यांना बंद.

"हे तर सोवळं झालं," ते म्हणाले.

"सोवळंच समजा. आणि तुम्ही नखशिखांत ओवळे."

"बापाचा विटाळ होतो तुला?"

"बापाचा नाही. बापाला जे ठाऊक आहे त्याचा."

"जेवताना कॉम्प्युटरचं नाव काढाल तर दोघांनाही उपाशी ठेवीन," बायको म्हणाली, आणि तो विषय घरातून हद्दपार झाला.

पुढे मुलीचं घोडं अडलं. जुनी गाणी नव्यात सुरू व्हायची झोकात, पण थोड्याच वेळात सूर आणि साथ वेगळे पडायचे. बाजारात गेलेलं नवराबायकोचं जोडपंच जणू. जुन्या मशीनचं रेकॉर्डिंग ती कानाशी धरून बसे. ठिगळ्यांना कारण ठाऊक होतं. मूळ लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे साथ दर आठव्या फेरीला एक ठोका गिळायची, आणि लोकांनी गाणी त्या चुकीसकट बसवली होती. त्यांनी एकदा ती चूक दुरुस्त केली, तर जगभरची गाणी लंगडायला लागली. मग चूक सन्मानाने परत बसवली. एवढी रसाळ गोष्ट पोटात, आणि सांगायची सोय नाही.

एका दुपारी मुलीने जेवतानाच रेकॉर्डिंग लावलं. ठिगळ्यांचा चमचा ताटाच्या कडेवर साथ द्यायला लागला. टक, टक, टक. आठव्या फेरीला तो हवेतच थबकला, एक ठोका सोडला, आणि पुन्हा पडला.

मुलीने घास खाली ठेवला. "बाबा."

"अगं, मी कुठे काय बोललो? हात आहे, हलतो."

"मला कळलं."

"मग लिही आणि मोकळी हो."

"कळलं म्हणूनच लिहिता येणार नाही. जवळ आले होते मी. माझं मला सापडलं असतं."

"सांगतेस कशाला कुणाला?" आई म्हणाली. "चमच्याची साक्ष काढायला कोण येतंय?"

पण मुलगी बापावर गेलेली. खोटं पचवायचं पोट दोघांनाही नव्हतं. तिने त्याच दिवशी मंडळींना कळवलं. त्यांनी प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि तिला काढलं. कौतुक करून काढलं की भांडायलाही जागा राहत नाही. तिचा भाग दुसऱ्याकडे गेला. त्याला ताल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने ठरवलं, दोष जुन्या गाण्यांतच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. आता त्या सॉफ्टवेअरवर जुनी गाणी लंगडत चालतात, आणि ऐकणारे म्हणतात, पूर्वीच्या लोकांना तालाचं अंगच नव्हतं.

ठिगळ्यांनी मात्र मशीनपुढे आणखी एक खुर्ची ओढली. "आता तूही ओवळीच. ये, आकडे कसे वाचायचे ते दाखवतो."

मुलगी उभीच राहिली. "बाबा, तुमचा हात खरंच आपोआप हलला?"

जन्मभर दुसऱ्याच्या चुका हुडकलेला माणूस. त्यांनी ती दुपार पुन्हा पहिल्यापासून वाचली. चमचा थबकला, त्याआधी त्यांनी मुलीकडे पाहिलं होतं. पाहिलं होतं खास. ती ऐकते आहे ना, एवढंच बघायला. का, ते मात्र त्यांना वाचता येईना, की वाचवेना.

"आठवत नाही," ते म्हणाले.

ती गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं, परक्याच्या घराचं लावावं तसं.