डब्यावर बसलेली भिंगरी

बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायच्या विभागात एक बाई होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. बाकीच्या बायकांचा एक जोड हातावेगळा होईपर्यंत हिचे दोन होत, वर जागेवरून उठून चारजणींची थट्टा करून ती परतही येई. ती भिंगरी एका सकाळी प्रथमोपचाराच्या खोलीत आली ती त्याच विभागातल्या जावेच्या खांद्यावर हात टाकून.

"सिस्टर, चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंच नाही," ती म्हणाली. "फाटकापासून अनवाणी चालत आले. जाऊबाईंनी दाखवलं तेव्हा समजलं."

सिस्टर म्हणजे कारखान्याची नर्स. अकरा वर्षं ती खोली सांभाळत होती. तिने भिंगरीला डोळे मिटायला सांगून तळव्यावर पेनचं टोक टेकवलं.

"लागतंय?"

"काय लागतंय?" भिंगरीने विचारलं.

तीन महिन्यांतली ही नववी बाई. कुणाच्या हातातून चमचा पडत होता, कुणाला कुलपात किल्ली घालता येत नव्हती. सगळ्या एकाच विभागातल्या. त्या विभागात चार महिन्यांपूर्वी सोल चिकटवायचं नवं सोल्यूशन आलं होतं, झटकन वाळणारं, डब्यावर नाव ना गाव. धूळ बसली की सोल सुटतो म्हणून मोठी मागणी असली की खिडक्या बंद. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी आधीच्या आठही जणींपुढे 'अशक्तपणा' असं लिहून ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या.

सिस्टर वही घेऊन मॅनेजरकडे गेली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही.

"बायका घरी काय खातात, किती झोपतात, तुम्हाला काय ठाऊक? कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, नऊ जणींची घरं नऊ आहेत. एक आहे तो विभाग."

"तुम्ही पट्ट्या बांधा," मॅनेजर म्हणाला. "रसायनं आम्ही बघतो."

पुढच्याच महिन्यात सरकारी तपासणी आली. आदल्या दिवशी मॅनेजर स्वतः खोलीत येऊन गोड बोलला, "सिस्टर, फार दमलात तुम्ही. दोन दिवस रजा घ्या." तिच्या मनात पाल चुकचुकली, पण रजेचा कागद सही होऊनच आला होता. परत आली तेव्हा सूचनाफलकावर अहवाल लागला होता: हवा समाधानकारक, आरोग्याच्या तक्रारी आढळल्या नाहीत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निरीक्षक बाईंनी तुमच्या वहीबद्दल काही विचारलंच नाही," मॅनेजर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती थेट निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन धडकली. फायलींच्या ढिगामागे एक किडकिडीत, चष्मा लावलेली बाई बसली होती. सिस्टरने नमस्कारही केला नाही.

"तुम्हाला डोळे आहेत की नाहीत? नऊ बायकांचे पाय बधिर झालेत आणि तुम्ही 'समाधानकारक' लिहून येता? शरम नाही वाटत?"

निरीक्षक बाईने सगळं ऐकून घेतलं. मग एक फाईल काढून स्वतःच्या अक्षरातलं टिपण तिच्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं: 'आरोग्य नोंदवही मागितली. नर्स रजेवर, कपाटाची किल्ली तिच्याकडे, असे सांगण्यात आले.'

"कपाटाला कुलूपच नाहीये," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज खाली आला.

"आणि मी गेले तेव्हा खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू, डब्यांवर छान लेबलं. आठ दिवस आधी कळवून जायचं म्हटल्यावर दुसरं काय दिसणार?" निरीक्षक बाईने चष्मा काढला. "चूक माझीच. नर्सला भेटल्याशिवाय मी सही करायलाच नको होती. न सांगता आत जायचा हक्क आहे मला. पण कुठल्या दिवशी जायचं, ते मला कोण सांगणार? दुखतंय कुणाला, कुठल्या टेबलावर, ते तुम्हाला माहीत. हवा मोजायचं यंत्र माझ्याकडे. आपण दोघींनी वेगवेगळं राहावं म्हणूनच तर ही सगळी खटपट."

"विचारल्याशिवाय मी कुणाचं नाव देणार नाही."

"देऊही नका. आधी त्यांना विचारा."

सिस्टरने एकेकीला खोलीत बोलावून विचारलं. दोघी घाबरून नाही म्हणाल्या. त्यांची पानं तिने वहीतच ठेवली. सात जणींनी संमतिपत्रांवर सह्या केल्या. भिंगरीला पेन धरता येईना, तिने दोन्ही हातांनी धरून सही गिरवली. "वेडीवाकडी आली," ती म्हणाली, "तेही लिहून ठेवा."

मोठ्या मागणीचा दिवस कळताच सिस्टरने निरोप दिला. निरीक्षक बाई भर दुपारी फाटकाशी उभी राहिली.

"साहेब जेवतायत, थोडं थांबा," पहारेकरी म्हणाला.

"निवांत जेवू देत त्यांना. फाटक उघडा."

पण तेवढ्यात आत फोन गेला होता. सुपरवायझर धावत विभागात आला आणि ओरडला, "खिडक्या उघडा! डबे मागच्या खोलीत न्या, चला!" दोघीतिघी सवयीने उठल्या. भिंगरीने समोरचा डबा ओढला आणि त्यावर बसली.

"ऊठ!"

"उठता येत नाही."

"नाटकं करू नकोस!"

"नाटक कसलं? पाय तुमच्या कारखान्याने घेतले. आता उठवायचं तर तुम्हीच उचला."

तिची जाऊ दुसऱ्या डब्यावर बसली. मग तिसरी, चौथी. निरीक्षक बाई आणि सिस्टर दारात आल्या तेव्हा बंद खिडक्यांच्या त्या खोलीत, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या वासात, बायका ओळीने डब्यांवर बसल्या होत्या आणि सुपरवायझर रुमालाने मान पुसत होता.

निरीक्षक बाईने यंत्राला काचेची नळी जोडून हवा ओढली. काही मिनिटांत नळीचा रंग जिथे थांबायला हवा त्याच्या कितीतरी पुढे सरकला. तिने तिथल्याच टेबलावर बसून विभाग बंद करण्याचा हुकूम लिहिला.

आठवड्याभरात सिस्टरला पत्र आलं: गोपनीय माहिती बाहेर दिल्याबद्दल सेवा समाप्त. निरीक्षक बाई कामगार न्यायालयात सात जणींची संमतिपत्रं घेऊन साक्षीला उभी राहिली. कंपनीचा वकील म्हणाला, ही दोघींची मिलीभगत आहे. "हो, आहे," ती म्हणाली. "ती आधीच व्हायला हवी होती."

न्यायालयाच्या हुकुमाने सिस्टर सात महिन्यांनी कामावर परतली. सोल्यूशन बदललं होतं, प्रत्येक टेबलावर वाफ ओढून घेणारा पाइप बसला होता. आठ जणींच्या हातापायांत हळूहळू जाण आली. भिंगरीचं दुखणं मात्र काम थांबल्यावरही दोन महिने वाढतच गेलं. नंतर उतरू लागलं, पण घोट्यापाशी अडलं. ती आता काठी घेऊन चालते आणि तिला कुणी भिंगरी म्हटलं की काठी दाखवते.

डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. मॅनेजरची बदली झाली, बढतीवर, कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात. बातमी कळली तशी सिस्टरने निरीक्षक बाईला फोन लावला. रागाच्या भरात तिने एवढंच विचारलं,

"त्या कारखान्यात नर्स आहे का?"

"नाही. कागदावर आहे फक्त. मी कंपनीला पत्र लिहितेय."

"पत्र नंतर लिहा," सिस्टर म्हणाली. "उद्या माझी सुट्टी आहे. फाटकाबाहेर उभी राहून मी तिथल्या बायकांशी बोलते. आत तुम्ही कधी जायचं ते मग ठरवू."